आपसूक गळलेली नाल

हिंदुरावानं फेकलेली नाल इमामसाबाच्या ऐरणीवर आपटली, उडाली आणि समोरच्या पानवाल्याच्या फळीखाली जाऊन पडली. विजापूर वेशीतल्या त्या लिंबाखाली सकाळी टांगेवाल्यांची गर्दी असे. सगळ्यांच्या माना वळल्या. एकट्या इमामसाबानं वर पाहिलं नाही. त्याच्या पुढ्यात एका तट्टाचा खूर होता आणि ओठांत खिळे धरलेले होते. तोंडात खिळे असले की हा म्हातारा नालबंद कुणाशीही बोलत नसे, मग समोर कलेक्टर का येऊन उभा राहीना.

"बगा की तिच्याकडं," हिंदुराव म्हणाला. "तुमच्या हातची हाय. पुन्ना गळली. स्टेशनाच्या रस्त्यावर, टांग्यात गिराईक बसल्यालं असताना."

इमामसाबानं शेवटचा खिळा ठोकला, खुराच्या कडेतून बाहेर आलेलं त्याचं टोक मुरडून घट्ट बसवलं आणि तट्टाचा पाय हलकेच खाली सोडला. उरलेले खिळे तळहातावर काढले. मग त्यानं पाहिलं ते हिंदुरावाकडं नाही, त्याच्या मागं उभ्या असलेल्या काजळ्याकडं. काजळ्या पुढचा डावा पाय अर्धवट उचलून उभा होता.

"मैं ठोक्या सो नाल गळत न्हाय," तो म्हणाला.

"मग ही काय आबाळातनं पडली?"

"ते मला काय म्हाईत. घोडा कुटल्या खड्ड्यात घातला, तुझं तुला."

हिंदुरावाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दिवाळीपासून हेच चाललं होतं. नाल ठोकून आणावी आणि आठवडा उलटायच्या आत ती गळून जावी. दर वेळी नवे खिळे, दर वेळी खुराला नवी भोकं. खुराची कड आता बोटानं दाबली तरी भुगा पडे. हिंदुरावाच्या मनात बरेच दिवस एक संशय घोळत होता. तो आज चारचौघांत तोंडातून बाहेर पडला.

"गळत न्हाय चाचा. तुमी गाळताय. काळ्या घोड्याच्या नालंला मागणी हाय, म्हणून ढिली ठोकताय."

पानवाल्यानं हातातलं पान तसंच धरून ठेवलं.

संशय अगदीच हवेतला होता असं नाही. काळ्या घोड्याची नाल उंबऱ्यावर ठोकली की शनीची पीडा टळते, हे सोलापुरातल्या प्रत्येक पेठेत लहानथोरांना ठाऊक होतं. तीही लोखंडाच्या दुकानातली चालत नाही, पायातून उपटून काढलेली चालत नाही. घोड्याच्या चालीत आपसूक गळलेलीच लागते. काजळ्या तर नावाप्रमाणे काजळासारखा, कपाळावर पांढरा केस नाही. हिंदुरावानं त्याला सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेत विकत घेतला तेव्हापासून लोक त्याच्या मागं लागलेले. टांग्यात बसलेला वकील उतरताना हळूच म्हणे, "गळली एखादी, तर आमच्यासाठी ठेवा बरं का." नव्या पेठेतला कापडवाला तर चालत्या टांग्याच्या मागून येऊन काजळ्याच्या पायांकडं अशी नजर लावी, जसा उंबराखाली बसलेला माणूस फळ पडायची वाट बघत वर बघतो. या सगळ्या शहाण्यासुरत्या माणसांची हिंदुरावाला मनापासून चीड होती. घोड्याच्या पायातलं लोखंड सगळ्यांना दिसायचं, लोखंडावरचा पाय एकालाही दिसत नव्हता. आणि गळलेली नाल बहुतेक वेळा नालबंदाकडंच परत जाते, ही रीत आहे. तिथून ती कुणाच्या उंबऱ्यावर जाते हे कोण विचारतो?

इमामसाब उठून उभा राहिला. त्याच्या रागाचीही वेशीत ख्याती होती. पण आज आवाज चढला नाही, याचंच बघणाऱ्यांना जास्त भय वाटलं.

"तेरे बाप के घोडे कू मेरा बाप नाल ठोकता था," तो म्हणाला. "आन् तू मेरेकू चोर बोल्या. चार लोगां में बोल्या. जा. दुसरा नालबंद देख."

"बगतो की. सोलापुरात काय तुमी एकटंच न्हाय."

"हौ. लई हैं. जा."

हिंदुरावानं काजळ्याचा लगाम धरला आणि वाट तुडवत निघाला. पानवाल्यानं फळीखालची नाल उचलून हळूच टोपीत घातली, ते त्याला दिसलं नाही.

खरं तर इमामसाबाला निवडताना त्यानं फार पारख केली होती. टांगेवाल्यांची पोरं नालबंदाचा हातोडा बघतात, हिंदुराव घोड्याचे कान बघायचा. ज्याच्या हाताखाली घोडा कान मागं टाकत नाही, डोळ्याचं पांढरं दाखवत नाही, तो नालबंद, बाकी सगळे लोहार, असा त्याचा हिशेब होता. इमामसाब तर आल्या आल्या घोड्याला हातच लावत नसे. आधी म्हणायचा, चालवून दाखव. मग घोडा चार पावलं येताना बघायचा, चार पावलं जाताना बघायचा, आणि त्या चालीवरून नाल वाकवायला बसायचा. काजळ्या त्याच्यापुढं उभ्या उभ्या पेंगायचा. असा माणूस पैशासाठी घोड्याच्या पायाशी बेइमान व्हावा, याचाच हिंदुरावाला जास्त संताप येत होता.

दुपारी घरी येईपर्यंत तो संताप निवला तर नाहीच, उलट चांगला शिजून वर आला. मंगळवार पेठेमागच्या बोळात त्याच्या दोन खोल्या होत्या आणि पुढं अंगणात पत्र्याखाली घोडा बांधायची जागा. त्याची बायको सारजाबाई काजळ्याच्या चंदीचे हरभरे भिजवत होती. टांग्याशिवाय नुसता घोडा आलेला बघून ती उठली आणि न विचारताच बाजूला झाली.

"त्या म्हाताऱ्याला सांगून आलो आज," हिंदुराव म्हणाला. "तोंडावर सांगितलं. चोर हाय म्हटलं."

"चाचाला?"

"मग कुणाला? नाला विकतोय त्यो."

सारजाबाईचे भिजलेले हात तसेच राहिले. "चाचा तसं करायचं न्हाईत," ती हळू म्हणाली.

"तुला काय कळतंय घोड्यातलं?"

तिनं पुन्हा चंदीत हात घातला. मग जणू दुसरंच काही विचारतेय अशा आवाजात म्हणाली, "मग ती गळल्याली नाल कुटं हाय?"

"घातली त्याच्या टकुऱ्यात. काय करायची तुला?" आणि हिंदुरावानं हाताला लागलेला तांब्या भिंतीवर मारला. तांब्याला पोचा आला. भिंतीपलीकडं राहणाऱ्या गंगम्माच्या घरातला मागाचा खटखटाट क्षणभर थांबला आणि पुन्हा सुरू झाला. तिथं आता त्याची सवय झाली होती. ताट, तांब्या, दार, कंदील, हिंदुरावाच्या रागाला जे सापडेल ते चालायचं. घोड्यावर मात्र त्यानं कधी हात उगारला नव्हता. टांग्यातला चाबूक नुसता शोभेला होता. त्याचा गोंडा नवा होता तसाच होता. स्टँडवर लोक म्हणायचे, मुक्या जनावराला जपावं तर हिंदुरावानं. ते ऐकून त्याला बरं वाटायचं, आणि सारजाबाईसमोर कुणी म्हटलं तर ती "व्हय" म्हणायची.

दुसऱ्या दिवशी तो कोंडीबाकडं गेला. कोंडीबा लढाईच्या दिवसांत रिसाल्याबरोबर बसऱ्याला जाऊन आलेला होता. तिथं घोड्यांना नाला ठोकायचं शिकला, असं तो सांगायचा. स्टेशनाअलीकडं त्याची शेड होती. भिंतीवर खुंट्यांना तयार नाला मापामापानं टांगलेल्या, कोपऱ्यात भाता चाललेला, आणि कोंडीबाच्या अंगावर चामड्याचं झुलीएवढं फडकं. बघणाऱ्याची छाती दडपावी असाच सगळा थाट होता.

त्यानं काजळ्याला चालवून बघितलं नाही. खूर उचलला, खुंटीवरची एक नाल लावून बघितली, खूर थोडा जास्त भरला म्हणून लांब कानस घेऊन खूरच घासायला लागला.

"आवो, नाल वाकवा की खुरापरमानं," हिंदुराव म्हणाला. पाय त्यानंच दोन्ही हातांत धरला होता. काजळ्याच्या खांद्याची थरथर त्याच्या मनगटापर्यंत येत होती.

"बसऱ्यात घोड्यांची रांग असायची रांग. एकेकाचे लाड करत बसलो असतो तर लढाई सोडून आलो असतो व्हय? धर नीट."

काजळ्यानं कान मागं टाकले. डोळ्याचं पांढरं दिसलं. हिंदुरावानं ते बघितलं. कोंडीबानं तापलेली नाल खुरावर टेकवली, करपट धूर झाला, काजळ्यानं पाय हिसडला आणि कोंडीबानं त्याच्या पोटात कोपर मारलं. एरवी हिंदुरावानं त्या माणसाचा भाता उलथून टाकला असता. पण इथून निघायचं तर जायचं कुठं? विजापूर वेशीत? त्या म्हाताऱ्यापुढं मान खाली घालून? त्यानं दात आवळले आणि पाय धरून ठेवला. घोड्यापेक्षा त्या दिवशी त्याला आपला राग जास्त प्यारा होता, आणि हे त्याला तिथंच, पाय धरल्या धरल्या कळलं होतं.

काम दिसायला सुरेख झालं होतं. खूर कसे रंधा मारल्यासारखे गुळगुळीत.

आणि त्याच शनिवारी ती नालही गळली.

सिद्धेश्वराच्या तळ्याकडून टांगा येत होता. मागं एक म्हातारा आणि त्याच्या दोन सुना, देवदर्शन करून निघालेल्या. खण्‌ असा आवाज झाला. तो आवाज हिंदुरावानं आता झोपेतसुद्धा ओळखला असता. त्यानं लगाम ओढायच्या आत रस्त्याकडेचा एक धोतरवाला माणूस पुढं झेपावला, नाल उचलून उराशी धरली आणि पळत सुटला.

"ए, ठेव ती," म्हणत हिंदुराव टांग्यातून उडी मारून त्याच्या मागं धावला. नाल परत मिळून काय करायचं होतं ते त्यालाही सांगता आलं नसतं. पण कुणीतरी हाताला लागायला हवं होतं. तो माणूस बोळात शिरला, पळता पळता मागं वळून "पोरीचं लगीन जमत न्हाय हो माज्या, पाया पडतो," असं म्हणाला आणि दिसेनासा झाला. हिंदुराव धापा टाकत परत आला तेव्हा म्हातारा सुनांना घेऊन खाली उतरला होता.

"लंगडा घोडा जुंपताय, लाज वाटत नाही?" म्हातारा म्हणाला आणि भाडं न देता चालू लागला.

हिंदुराव रस्त्यातच खाली बसला होता. नालेबरोबर खुराच्या कडेचा एक लचका निघून गेला होता. त्यानं तळहात लावला. खूर तापलेला होता. काजळ्यानं पाय मागं घेतला नाही, मान वाकवून नाक त्याच्या पागोट्याला लावलं. इमामसाब चोर, ठीक. पण कोंडीबा? तो तर शनी आणि साडेसाती मानणाऱ्यांची टिंगल करायचा, शेडमध्ये कुणी नाल मागायला आला तर शिव्या घालायचा. मग ही का गळावी? त्याला रागवायचं होतं आणि कुणावर रागवावं हे कळत नव्हतं, आणि अशा रागाची त्याला सवय नव्हती.

त्यानं टांगा तिथल्याच एका ओळखीच्या वखारीत लोटून ठेवला. काजळ्याला हळूहळू चालवत निघाला. वाटेत दोनदा वळला, दोनदा परत फिरला. शेवटी लिंबाच्या झाडापासून थोडा अलीकडं उभा राहिला, आणखी पुढं जायला पाय उचलेना.

इमामसाबाच्या तोंडात खिळे नव्हते. तो नुसताच बसला होता. हिंदुरावाकडं बघून त्यानं तोंड फिरवलं. मग काजळ्याकडं बघितलं, आणि बघतच राहिला.

"चालव," तो म्हणाला.

हिंदुरावानं चार पावलं चालवून दाखवलं.

"तुझ्याशी मी बोलत न्हाय. घोड्याशी बोलतो. इधर ला."

त्यानं दुखरा पाय उचलला, तळ बघितला, कड बघितली, आणि कोंडीबाला, कोंडीबाच्या खानदानाला आणि बसऱ्याच्या लढाईला एका दमात अशा शिव्या दिल्या की पानवाल्यानं कानावर हात ठेवले. मग दुसरा पाय उचलला. त्यावर कोंडीबाचीच नाल अजून होती. तो खुराची बाहेरची बाजू बघत होता. बघता बघता त्याच्या शिव्या थांबल्या.

"हे देख."

हिंदुराव वाकला.

"खिळ्याचं टोक बाहेर काढून मुरडतो का न्हाय आपण? ते मुरडलेलं नाल धरतं. हितं टोकं कुटं हैत?"

टोकं नव्हती. जिथं ती असायला हवीत तिथं लोखंडाचे चकचकीत ठिपके होते. खुरावरही बारीक ओरखडे होते.

"तुटली असत्याल," हिंदुराव म्हणाला.

"तुटली तर खडबडीत दिसतीं. हे घासलंय. कानशीनं. ताजं है." इमामसाबानं आपली कानस उचलून दाखवली. जाड दातांची, वीतभर रुंद. "मेरा कानस ये. कोंडीबाचा याहून बी जाड. ही बारीक है. घर का कानस. इळे-खुरपे घासतीं, वो."

हिंदुराव त्या ठिपक्यांकडं बघत राहिला. घोडा रात्री कुठं असतो? अंगणात. अंगणात कोण येतं? स्टँडवरच्या कुणाचं हे काम असेल, की बोळातल्या कुणाचं? गंगम्माची पोरं कुंपणावरून उड्या मारून येतात. एवढ्या दिवसांनी अखेर रागाला जागा मिळत होती.

"चाचा," तो म्हणाला. "मी त्या दिवशी बोललो ते..."

"वो बाद में. आधी ऐक." इमामसाबानं पक्कड घेतली आणि उरलेल्या नाला एकेक करून काढायला सुरुवात केली. काजळ्या डोळे अर्धे मिटून उभा होता. "खुराची चाळणी झाली. आता खिळा मारू कुटं? उन्हाळा सरेपर्यंत याच्या पायात लोखंड नक्को. टांगा नक्को, दगडी रस्ता नक्को. मऊ जमिनीवर बांध. सकाळ-सांज गरम पाण्यात मीठ टाकून पाय शेक. खूर नवा येईल तवा घेऊन ये."

"उन्हाळा सरेपतुर टांगा बंद? खायचं काय आमी?"

"ते मला ईचारू नको. आज जुंपला, तर पावसाळ्यात याला गोळी घालावी लागंल. तुला कुटला नालबंद पायजे ते तू बघ. नाल ठोकणारे लई हैं."

काढलेल्या नाला त्यानं भंगाराच्या ढिगात टाकल्या. त्या पायातून काढलेल्या होत्या, म्हणून झाडाखालच्या एकानंही त्यांच्याकडं ढुंकून बघितलं नाही.

घरापर्यंतची वाट हिंदुरावानं मातीच्या कडेकडेनं, काजळ्याला जपत काटली आणि मनात एकेकाला धरून बडवत काटली. स्टँडवर त्याच्यावर जळणारे दोघं होते. त्यांतल्या एकाचं त्यानं नाक फोडलं. मग गंगम्माच्या थोरल्या पोराला बोळातून फरफटत नेलं. अंगणात आला तेव्हा दिवस कलला होता. काजळ्याला बांधून तो तसाच घरात शिरला. दाराच्या मागं कोनाड्यात बारीक कानस असायची. विळीला आणि खुरप्याला धार लावायची. ती हातात घेऊन उजेडात धरली. दातांत चकचकीत चुरा अडकलेला होता.

सारजाबाई चुलीपुढं भाकरी थापत होती.

"ही कानस कुणी न्हेली व्हती?" त्यानं विचारलं. "गंगम्माच्या पोरानं? खरं सांग. आज त्याचा मुडदा पाडतो."

सारजाबाईनं तव्यावरची भाकरी उलटली. मग हात परातीत ठेवला.

"कुणी न्हेली न्हाय," ती म्हणाली. "खिळं म्या घासलं."

त्याला ते आधी समजलंच नाही.

"तू?"

"पाय देतोय काजळ्या मला. धराय दुसरं कुणी लागत न्हाय."

"खुळी हाईस का तू? घोडं लंगडं झालं माजं. टांगा बसला. म्या त्या म्हाताऱ्याला भर येशीत चोर म्हटलं." प्रत्येक वाक्याला त्याचा आवाज चढत गेला. पलीकडचा माग थांबला. "कशापायी केलंस?"

"नाल पायजे व्हती," सारजाबाई म्हणाली. ती त्याच्याकडं बघत नव्हती, तव्याकडं बघत होती. "आपसूक गळल्याली. म्हटलं, वाईच सैल करावी, हितंच अंगणात पाय आपटताना पडंल. तर दर बारीला रस्त्यातच पडायची. एक तुमी चाचाच्या अंगावर टाकली. बाकीच्या कुणाकुणाला घावल्या." तिनं पदरानं नाक पुसलं. "मला वाटलं चप्पल सुटल्यागत आसंल. चप्पल सुटली म्हणून पाय दुखतोय व्हय? नवं खिळं मारल्यावर नवी भोकं पडत्यात, हे कुटं ठावं व्हतं. आत्ता लंगडत येताना बगितला, तवा कळलं मला."

"कुणाला द्यायची व्हती नाल? तुज्या म्हायेरी?"

"कुणाला न्हाय. आपल्याच उंबऱ्याला."

"आपल्याला काय धाड भरलीया?"

भाकरी तव्यावर करपायला लागली होती. तिनं ती काढली नाही.

"गंगम्मा म्हणली, एखाद्याच्या घरात राग मुक्कामालाच आला, की त्यो शनी असतोय. म्हणली, मालकाच्या रागाला हीच दवा हाय. घरच्याच काळ्या घोड्याची गळल्याली नाल."

"मालकाच्या?"

"व्हय. तुमच्या."

हिंदुराव कानस हातात धरून उभा होता. लोखंडाची ती कांब आपण कशासाठी इतकी घट्ट धरलीय हे त्याला एकदम दिसलं, आणि त्यानं ती कोनाड्यात ठेवून दिली. ठेवताना आवाज झाला. सारजाबाईचे खांदे वर आले आणि बऱ्याच वेळानं खाली गेले.

"मला सांगायचं न्हाईस व्हय," तो म्हणाला.

तिनं पहिल्यांदा मान वर करून त्याच्याकडं बघितलं. भिंतीला जिथं त्या दिवशी तांब्या लागला होता तिथला पोपडा अजून खाली पडलेला होता.

"मग?" त्यानं विचारलं. आपण हे का विचारतोय ते त्याला कळत नव्हतं. "उतरला का राग?"

"नाल घरात आलीच कुटं," सारजाबाई म्हणाली.

तो बाहेर अंगणात गेला. काजळ्या दुखरा पाय टेकवावा की नाही अशा विचारात उभा होता. हिंदुराव त्याच्या पुढ्यात उकिडवा बसला आणि खूर दोन्ही हातांनी उचलून मांडीवर घेतला. शेकायला गरम पाणी लागणार होतं. एरवी त्यानं तिथूनच हाक मारली असती आणि ती बोळाच्या टोकापर्यंत ऐकू गेली असती. आता हाक मारायला त्याला आवाज सापडेना. पलीकडचा मागही अजून सुरू झाला नव्हता.

थोड्या वेळानं सारजाबाई स्वतःच बाहेर आली. वाफा निघणारी बादली दोन्ही हातांनी सांभाळत ती अंगण ओलांडून आली. काजळ्यानं मान पुढं करून तिचा दंड हुंगला. तिनं त्याच्या गालावरून हात फिरवला. मग बादली त्याच्या पलीकडं, हिंदुरावापासून लांब जमिनीवर ठेवली आणि भराभर दोन पावलं मागं सरून उभी राहिली. ती रोज तशीच ठेवायची, पाणी असो, चंदी असो की नवऱ्याचं जेवणाचं ताट असो, आणि इतक्या वर्षांत हिंदुरावाला ते दिसलं नव्हतं.

त्यानं हात लांब केला. बादलीपर्यंत तो थोडासा कमी पडला. मांडीवरचा पाय सोडल्याशिवाय ती हाताला लागणार नव्हती.